गुणवंतीची वेगळी चूल

निवडणुकीचा अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस उजाडला, तेव्हा पाटबंदरच्या जेटीवर बोटी लागलेल्या होत्या, मासळीच्या पाट्या उतरत होत्या, आणि एकाही तांडेलानं गुणवंतीला हाक मारली नव्हती.

असं पाटबंदरात होत नाही. बोट धक्क्याला लागली की तांडेल आधी गुणवंतीला हाक मारतो, मग दोर बांधतो. कारण इथला लिलाव तिच्या गळ्यावर चालतो. ती पाटीपाशी उभी राहते, पदर कमरेला खोचते आणि सुरू होते, "बोला सुरमय! डोळे बघा तिचे, तुमच्या नवऱ्याच्या डोळ्यांपेक्षा ताजे! बोला!" रत्नागिरीहून टेम्पो घेऊन आलेले व्यापारी हसतात, आणि हसता हसता चढी बोली लावून बसतात. पलीकडे जयगडला मोठ्या जहाजाचा भोंगा वाजला, तरी त्यातून तिचा आकडा ऐकू येतो म्हणतात.

त्या सकाळी ती पदर खोचून उभी राहिली, आणि पाट्या तिच्या शेजारून पुढे गेल्या. लिलाव पुकारला एका व्यापाऱ्याच्याच माणसानं. पुटपुटत. बांगडा मातीमोलानं गेला.

"काय रे, माझा गळा बसला असा कोणी सांगितलान काय तुमाला?" तिनं विचारलं.

कोणी हसलं नाही. ऋत्विक दोर गुंडाळत होता. तरणा तांडेल, लग्नात हिनंच त्याला हळद लावलेली. मान वर न करता तो म्हणाला, "काकी, तीन वाजेपर्यंत कळ काढ. उद्यापासून परत तूच."

"आणि तीनपर्यंत मी कागद मागं नाय घेतला तर?"

"मग माझे खलाशी तुझ्या हाकेची पाटी उचलणार नाय." दोर गुंडाळून झाला होता, तरी तो गुंडाळतच होता. "मला बोट चालवायची हाय गो काकी. नारळावर हात ठेवलाय सगळ्यांनी."

नारळाचं सांगायचं, तर आधी गुणवंतीचं सांगायला हवं.

ती मूळची मंडणगड तालुक्यातली, खाडीकाठची. लग्न करून पाटबंदरला आली तशी पाटी डोक्यावर घेतली. जेटीवर बाया पहाटेपासून दुपारपर्यंत उभ्या असतात. पुरुषांना अख्खा समुद्र आहे. बायांना खडपामागे, किनाऱ्यावरच्या खडकांच्या आड, जावं लागतं, आणि भरती असली की खडपही पाण्याखाली. म्हणून पाटबंदरच्या बाया सकाळी पाणी पीत नाहीत. उन्हात उभ्या राहून, ओरडून, घसा कोरडा पडला तरी पीत नाहीत. निम्म्या जणींना लघवीचे त्रास. गुणवंतीला तर एकदा सलाईन लावून रत्नागिरीला ठेवलं होतं. तिथून आल्यावर ती तडक पंचायतीत गेली, जेटीवर बायांसाठी मुतारी बांधा म्हणाली. तेव्हाच्या मेंबरानं यादी उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाला, "वैनी, तुमचा नाव आमच्याकडे नाय. तुमच्या गावच्या मेंबराला सांगा."

खरंच नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगा भावेश मिसरूड फुटायच्या वयाला आला, तरी तिचं नाव माहेरच्या यादीतच होतं. आणि ती एकटी नव्हती. वाडीतल्या निम्म्या सुनांची नावं माहेरी. कोणी दापोलीला, कोणी गुहागरला. मतदानाला भाऊ गाडी पाठवायचा, त्या निमित्तानं एक दिवस माहेरपण व्हायचं. मग नाव कोण कशाला हलवील?

गुणवंतीनं आधी स्वतःचं हलवलं. मग अंगणवाडीच्या बाईंना, यादीचं काम त्यांच्याकडे असतं, बरोबर घेऊन दारोदार फिरली.

"काकी, तिकडून नाव काढला तर बाबा म्हणतील, पोरीनं माहेर तोडलान."

"यादीत नाव हाय म्हणून माहेर असता काय गो? भावजय चहा टाकते तोवर माहेर. तिनं टाकलान नाय, की मग यादी घेऊन बस."

हसत, रडत, सासूला विचारून, न विचारता, सुनांनी अर्ज भरले. पुढे भावेशचं लग्न झालं, तेव्हा तिची स्वतःची सून योगिनी तर मेंदीचा रंग उतरायच्या आत भरून मोकळी झाली. आणि यंदा पंचायतीची निवडणूक लागली, वाडीची जागा बायांसाठी राखीव निघाली, तेव्हा जेटीवरच्या बाया पाट्या खाली ठेवून गुणवंतीकडे बघायला लागल्या.  

अर्जाबरोबर बरेच कागद लागतात. घरी संडास आहे आणि तो वापरात आहे, असाही एक दाखला. पंचायतीतल्या कारकुनानं शिक्का मारून तो दिला, तर ही म्हणते, "भाऊ, मी घरात असते किती? जेटीवरचा दाखला मागा ना सगळ्यांकडे. बघू कोणाचा अर्ज टिकतो."

खंडू तेव्हा समुद्रात होता. खंडू म्हणजे तिचा नवरा, स्वतःच्या बोटीचा तांडेल. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी ती योगिनीला घेऊन एसटीनं रत्नागिरीला गेली, तहसीलमध्ये रांग लावली, सूचक म्हणून योगिनीनं सही केली. नवऱ्याला सांगायचं तर बोट रेंजच्या बाहेर. रात्री आला की जेवताना सांगू, असं तिनं ठरवलं.

बोट मात्र दुपारीच आली. आणि खंडू धक्क्यावर उतरला तेव्हा भैरीच्या देवळात वाडीची बैठक चालू होती.

पाटबंदरची बैठक चुलीप्रमाणे असते. घरं किती, माणसं किती, ते विचारात नाही. चूल एक, बोलणं एक, वर्गणी एक, आणि शिमग्याला पालखी प्रत्येक चुलीपाशी एकदा थांबते. चुलीतर्फे पुरुष येतो. त्या दिवशी वाडीचे अध्यक्ष हरिश्चंद्रभाऊ यांनी ठराव मांडला, की निवडणूक होऊ द्यायची नाही, एकच अर्ज ठेवायचा, त्यांच्या सुनेचा, राजश्रीचा. देवापुढे नारळ ठेवला. भिकाजी गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "बा भैरीदेवा, ही वाडी एका विचारानं उभी हाय. जो कोण हा विचार मोडील, त्या चुलीला तू बघून घे." आणि एकेका चुलीचा माणूस पुढे येऊन नारळावर हात ठेवून गेला. अंगावरच्या खाऱ्या कपड्यांनिशी खंडूनंही ठेवला.

संध्याकाळी दोघं घरी भेटली. त्याच्या हातात प्रसादाची वाटी होती. तिच्या हातात अर्जाची पोच.

"मी हात ठेवून आलो," खंडू म्हणाला.

"मी सही करून आली," गुणवंती म्हणाली.

योगिनी सांगते, सासऱ्यांनी प्रसादाची वाटी देवापुढे ठेवली, आणि सासूनं पोच तिच्या शेजारी.

हरिश्चंद्रभाऊ दुसऱ्याच दिवशी आले. ओरडले नाहीत. ओट्यावर बसले, पाणी प्यायले.

"गुणवंती, माझ्या सुनेला खुर्चीची हौस हाय असा समजू नको. ती तर रडतेय, मला कशाला उभी करताय म्हणून. पण गेल्या टायमाला दोन अर्ज पडले, काय झाला ते तू बघितलास. दोन वर्षं पालखी उठली नाय. एका बाजूनं खांदा द्यायला माणसं, दुसरी बाजू मोकळी. मुंबईची माणसं शिमग्याला आली आणि बंद देवळाला हात जोडून गेली. माझा सख्खा भाऊ अजून माझ्याशी बोलत नाय. शिमगा महिन्यावर आलाय."

"मग राजश्रीला सांगा, मुतारी बांधून दे. मी आता जाते, कागद मागं घेते."

"बांधू की. ठराव घेऊ."

"किती वर्षं घेताय तो ठराव, भाऊ?"

हरिश्चंद्रभाऊंनी तांब्या खाली ठेवला. "शेवटच्या दिवशी तीन वाजेपर्यंत मुदत असते. तोपर्यंत काय मोडलेला नाय. कागद भरलाय, कागद मागं येतो. तीननंतर मात्र शब्द मोडल्यासारखा होईल. मग माझ्या हातात काय नाय."

त्यांच्या हातात नव्हतंच. खंडूचे खलाशी त्याच दिवसापासून बोटीवर चढेनात. माणसं वाईट नव्हती. एकानं येऊन खंडूचे पाय धरले, म्हणाला, "तांडेल, घरी बायको पोटुशी हाय. शब्द मोडलेल्या चुलीची बोट, मी कसा चढू?" खंडूनं त्याला उठवून उभं केलं. बोट धक्क्याला बांधलेली, बर्फ वितळून खणात पाणी झालेलं. खंडू रोज सकाळी जायचा, उगाच इंजिनावर फडकं मारून यायचा.

योगिनी म्हणाली, "आई, हे वाळीत टाकणं झालं. कायद्यानं गुन्हा आहे. आपण पोलिसांत जाऊ."

"जा. मग शिमग्याला पालखी हवालदार उचलणार काय?"

तर असा तो शेवटचा दिवस. जेटीवरून गुणवंती रिकामी पाटी घेऊन घरी आली, तेव्हा खंडू ओट्यावर बसला होता. योगिनी पहाटेच्या एसटीनं रत्नागिरीला गेली होती. अर्ज राहिला तर चिन्ह घ्यायला, मागे घ्यायचा तर सासूची वाट बघायला. कुठल्या कामासाठी, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"रिक्षा सांगून ठेवलीय हरीभाऊंनी," खंडू म्हणाला. "एकपर्यंत निघायला हवा."

"तुमी सांगताय, मागं घे म्हणून?"

"मी काय सांगत नाय."

"मग?"

"मग काय? मी हात ठेवलाय. समुद्रावर जाणारा माणूस मी. उद्या तिकडं काय वाकडं झाला, तर वाटेल, आपल्या हातानं झाला. मला सांगायचा होतास, गुणा."

"कुठं सांगू? पाण्यात उडी मारून येऊ?"

"निघालो त्याच्या आदी."

"तुमी निघालात तेव्हा माझाच ठरला नव्हता. हात ठेवताना तुमी तरी विचारलात काय मला?"

 विचारायचं असतं, हे खंडूच्या डोक्यातच आलं नव्हतं. चुलीतर्फे पुरुष जातो. त्याचा बाप जात होता, आजा जात होता.

गुणवंती आत गेली. स्वयंपाकघरात गॅस होता, पण देवाचा नैवेद्य आणि भाकऱ्या अजून कोपऱ्यातल्या चुलीवर होत असत. वाडीच्या हिशेबात चूल म्हणजे तीच. ती तिच्यासमोर उभी राहिली.  मग मागल्या दारानं परसात गेली, कुंपणासाठी आणून टाकलेल्या चिऱ्यांतले तीन चिरे उचलून पोफळीच्या बुंध्यापाशी मांडले, मधे झावळ्या घातल्या आणि काडी ओढली.

धूर बघून खंडू मागे आला. "काय चाललाय?"

"भात टाकते."

"घरात चूल नाय?"

"ती तुमची. तिनं हात ठेवलाय नारळावर." तिनं टोप चढवला. "ही माझी. हिनं नाय ठेवला."

खंडूला समजायला एक क्षण लागला. मग तो खाली बसला, जिथं होता तिथंच, ओल्या मातीत.

भाताला उकळी येईपर्यंत बातमी वाडीभर झाली होती. गुणवंतीनं भाताचं भांडं झाकलं, वर्गणीचे पैसे पदराला बांधले आणि देवळाची वाट धरली. देवळासमोर सहाण आहे, शिमग्यात पालखी ठेवतात तो चौथरा. तिच्या कडेला पुरुष आधीच जमले होते. हरिश्चंद्रभाऊ, ऋत्विक, खंडूचे खलाशी. मागून खंडू आला आणि खांबाला टेकून उभा राहिला. रिक्षावाल्यानं वळणावर रिक्षा चालू ठेवली होती, तिचा आवाज अख्खा वेळ येत राहिला.

गुणवंतीनं पैसे गुरवासमोर ठेवले. "नव्या चुलीची वर्गणी. गुणवंतीच्या नावानं घाला गाऱ्हाणा."

भिकाजी गुरव म्हातारा. दिसतं कमी, ऐकतो सगळं. त्यानं पैशांना हात लावला नाही. "चुलीत कोण कोण?"

"मी आणि सून. सुनेनं अर्जावर सही केलीय, ती माझ्याकडे."

"आणि खंडू? भावेश?"

"ते जुन्या चुलीवर."

मागे कोणीतरी फुसकन हसलं. "सासू-सून एका चुलीवर आणि नवरे दुसऱ्या! अशी वाटणी बापजन्मात बघितली नाय."

"जेटीवर ये पहाटे, दाखवते आणखी काय काय बघितला नायस ते," गुणवंती मागे न वळता म्हणाली.

हरिश्चंद्रभाऊ पुढे आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "हा खेळ हाय काय? हात ठेवला त्या दिवशी चूल एक होती. एक! देवाच्या डोळ्यात धूळ टाकतेस?"

"तुमीच माझ्या ओट्यावर बसून बोललात, भाऊ. तीनपर्यंत काय मोडलेला नाय. मग तीन वाजायच्या आत मी वेगळी झाली. कोणाचा शब्द मोडला?"

"नवरा-बायकोची चूल वेगळी होते? भावाभावांची होते!"

"झालीय," भिकाजी गुरव म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"येसूबाईची झाली होती. माझा बाप गुरव होता तेव्हा. तिचा नवरा जहाजावर होता, दुसरी करून आला. येसूबाई घर सोडून गेली नाय. त्याच घरात, भिंतीपलीकडे चूल मांडलीन. पालखी दोन्हीकडे थांबायची. मी पोर होतो, दोन्हीकडचा गूळ खायचो."

"तिचा नवरा दुसरी करून आला होता," हरिश्चंद्रभाऊ म्हणाले. "हिचा काय गेलाय? ही निवडणुकीसाठी करतेय!"

"व्हय, निवडणुकीसाठीच," गुणवंती म्हणाली. "या वाडीत चुली कशाकशासाठी वेगळ्या झाल्यात, सांगू? एक माडासाठी झाली. एक टीव्हीसाठी झाली. माझी मुतारीसाठी. लाज वाटत असंल तर तुमाला वाटू दे, मला वाटायची ती त्या खडपामागं बसून संपली."

ऋत्विकनं मान खाली घातली. त्याची आईही पाटी घेऊन जेटीवर बसते.

भिकाजीनं हात वर केला. "देवाला खोटी चूल चालत नाय. दाखवायची आणि मागल्या दारानं एका ताटात जेवायचा, तसा नाय. शिमग्याला पालखी दोन्ही चुलींपाशी थांबेल, तोवर एकीवर शिजलेला दुसऱ्याच्या तोंडी जाता कामा नये. सणाला नाय, आजारात नाय. आणि वाटणी एकानं होत नाय. खंडूला बोलायला हवा. देवासमोर."

रिक्षाचं इंजिन धडधडत होतं.

हरिश्चंद्रभाऊ खंडूकडे गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज मऊ झाला. "खंडू. एक शब्द. 'नाय' म्हण. ती रिक्षात बसेल, अडीचला रत्नागिरीत पोचेल, संध्याकाळी तुझी बोट पाण्यात. कोणी कधी हा विषय काढणार नाय, मी बघतो."

खंडू खांबापासून हलला नाही. गुणवंतीनं इतक्या वेळात पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. तो तिच्याकडे पाहत नव्हता. खलाशांकडे पाहत होता, मग देवाकडे, मग खाली. आता त्यानं 'नाय' म्हटलं, की तिनं पेटवलेल्या त्या तीन चिऱ्यांचं रोज वाडी हसं करील, आणि जेटीवर ती परत पहिल्या जागी उभी राहील, जोरात ओरडेल, आणि पाणी पिणार नाही. तिनं सगळं त्याच्या तोंडच्या शब्दावर सोडलं होतं आणि ते तोंड उघडत नव्हतं.

"भिकाजीकाका," शेवटी तो म्हणाला. "चूल वेगळी झाली, तर बोट कोणाची?"

"तुझी. तुझ्या चुलीची."

"तिच्या चुलीनं काय चुकवला, तर माझ्या बोटीला लागत नाय?"

"नाय लागत."

"आणि बोटीला तिकडं काय झाला, तर तिच्याकडे बोट दाखवायचा नाय कोणी? तिच्या पायगुणानं, तिच्या हट्टानं, असा काय बोलायचा नाय?"

भिकाजीनं देवाकडे वळून पाहिलं. 

"नाय," भिकाजी म्हणाला. "तो तुझा तू. ती तिची ती."

"मग वेगळी," खंडू म्हणाला. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "माझी चूल वेगळी, तिची वेगळी. घाला गाऱ्हाणा."

भिकाजीनं पैसे उचलून देवापुढे ठेवले. "बा भैरीदेवा, आज तुझ्या वाडीत एक चूल वाढली..." पुरुष सवयीनं "व्हय म्हाराजा" म्हणत गेले. काहींनी उशिरा म्हटलं, काहींनी ओठ हलवले नुसते.  गाऱ्हाणं संपल्यावर हरिश्चंद्रभाऊ गुणवंतीसमोर आले.

"नारळाचा विषय संपला," ते म्हणाले. "मतांचा नाय. वाडीत फिरशील ना, तेव्हा बघ किती दारं उघडतात."

"तुमच्या दारापासनं सुरू करू?"

"ये. राजश्री चहा देईल. मत नाय देणार." आणि त्यांनी वळणावरच्या रिक्षाला जायची खूण केली.

हवं होतं ते सगळं मिळालं होतं, तरी देवळाच्या पायऱ्या गुणवंती सावकाश उतरली. तो तुझा तू, ती तिची ती. हे शब्द तिनंच मागून घेतले होते. आज संध्याकाळी बोट सुटेल, आणि पहिल्यांदाच तिनं बांधलेली भाकरी बोटीवर नसेल.

परसात तिच्या चुलीतला विस्तव विझला होता. भात शिजला होता, थोडा लागला होता. ती तिथंच बसून एकटी जेवली. आत खंडू भांडी वाजवत होता. बोटीवर उमेदीची वर्षं त्यानं भंडारीपणा केलेला, सगळ्या खलाशांचं रांधलेलं, त्यामुळे स्वयंपाक त्याला नवा नव्हता. पण मीठ कुठल्या डब्यात असतं ते त्याला माहीत नव्हतं. डबे उघडल्याचे आवाज येत होते, एकामागून एक. तिच्या तोंडाशी दोनदा आलं, 'खालच्या फळीवर, निळ्या झाकणाचा.' तिनं गिळलं. मीठ शिजलेलं नसतं, सांगितलं तर चालेल की नाही, हे भिकाजीला विचारायचं राहून गेलं होतं.

तीन वाजून गेल्यावर फोन वाजला. योगिनी धापा टाकत होती.

"आई! दोनच अर्ज राहिले. तुमचा आणि राजश्रीवहिनींचा. चिन्ह मिळालं. मी होडी मागितली होती, ती यादीतच नाही म्हणाले. शिट्टी मिळाली."

"शिट्टी? मला शिट्टी कशाला? माझा गळा हाय की."

"आई, मी काय म्हणते, घरी सगळं... मी जेवू कुठे आल्यावर?"

"परसात. माझ्याकडे." आणि मग, पलीकडून हुंदका आला तेव्हा, "रडू नको. भात लागलाय जरा, पण खाण्यासारखा हाय. भावेशला फोन कर, शिफ्टवरून आलास की बापाच्या चुलीवरचा जेव म्हणावं. आणि शिट्टीचा फोटो पाठव, कशी काढलीय बघू."

तिनं तोंड धुतलं, साडी बदलली, केसांना पाणी लावून मागे घेतलं. मत मागायला निघताना पहिलं दार कोणाचं धरायचं, हा काही फार विचार करण्यासारखा प्रश्न नव्हता. ती घराला वळसा घालून पुढे आली आणि ओट्याच्या पायरीखाली उभी राहिली. स्वतःच्याच घरासमोर, चप्पल घालून, पाहुण्यासारखी.

खंडू बाहेर आला. खांद्यावर जाळं, हातात डबा. खालच्या रस्त्यानं खलाशी धक्क्याकडे जाताना दिसत होते, पोटुश्या बायकोचा तोही.

"मत मागायला आलीय," ती म्हणाली. "शिट्टी मिळालीय."

खंडूनं तिच्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा. डबा ओट्यावर ठेवला, आत गेला आणि तांब्याभर पाणी घेऊन आला.

तिनं हात पुढे केला नाही. "भिकाजी बोललेत, चुलीवरचा काय..."

"पाणी शिजवत नाय. विचारून आलोय."

गुणवंती पायरीवर बसली आणि तांब्या तोंडाला लावला. सकाळपासून तिनं पाणी घेतलं नव्हतं. सवयच होती ती. थांबून थांबून, सगळा तांब्या संपवला.

"मत कोणाला देणार ते सांगायचा नसता," खंडू म्हणाला.

"मी कुठं विचारला? एवढाच विचारते, की त्या दिवशी असाल ना इकडं?"

खंडूनं डबा उचलला, जाळं सावरलं. खालून कोणीतरी "तांडेल!" म्हणून हाक मारली, त्यानं हात वर केला. पायरी उतरून तो तिच्या शेजारून पुढे गेला आणि वळणापाशी थांबला.

"अष्टमी पडतेय मतदानाला," तो म्हणाला. "भांगाचे दिवस. पाण्याला ओढ नसते, मासळी गावत नाय. बोट बंदरातच असंल." आणि उताराला लागला.